बासष्टनंतर चौसष्ट

अंबादासराव कंधारकर मोजायला लागले की बासष्टनंतर थेट चौसष्टावर जात. धोब्याला टाकायचे कपडे असोत, मंडळाच्या खुर्च्या असोत, नाहीतर बेगम बाजारातून आणलेले नारळ. बासष्ट, मग घशातल्या घशात एक खोकला, मग चौसष्ट. एकदा खुर्च्या मोजताना मी शेजारीच उभी होते. मी म्हटलं, "काका, मधली एक राहिली." ते म्हणाले, "राहू द्या, सूनबाई. तिच्यावर कुणाला बसवायचं नाही मला."

वयाचंही तेच. दोन वर्षं ते बासष्टच होते आणि एका सकाळी चौसष्ट झाले. मधल्या वर्षाचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "त्या वर्षीची गाडी रद्द होती. गैरसोयीबद्दल खेद आहे."

मी मूळची पुण्याची, त्यामुळे समोरचा माणूस तपासून घ्यायची मला सवय आहे. लग्न होऊन हैदराबादेत आले, तेव्हा जामबागेच्या मागे असलेल्या आमच्या कॉलनीतलं प्रत्येक माणूस मी तपासलं आणि बहुतेकांना नापास केलं. अंबादासकाकांना तर पहिल्याच दिवशी. मी नवी नवरी, हातात ओटीचं सामान, आणि अंगणाच्या त्या टोकाहून घुमणारा आवाज आला, "कृपया ध्यान द्या. पुण्याहून येणाऱ्या सूनबाई पोचलेल्या आहेत." इमारतीतले सगळे लोक गॅलरीत आले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांची सगळी नोकरी नामपल्ली स्टेशनावरच्या भोंग्यामागे गेली होती. गाड्या उशिरा येत आहेत हे लोकांना तीन भाषांत सांगायचं, आणि शेवटी खेद व्यक्त करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, खेद सुटला नाही. नळाला पाणी आलं नाही की खेद, कॉलनीतल्या कुणाचा मुलगा नापास झाला की खेद. केबलवाल्याने तार कापली आणि ऐन मॅचच्या वेळी सगळे टीव्ही काळे झाले, तेव्हाही अंगणात उभं राहून सगळ्यांची माफी मागितली ती यांनीच. माझ्या सासूबाई गेल्या, तेव्हा ते दारात आले, "खेद आहे" एवढं म्हणाले, आणि पुढचं त्यांना बोलताच आलं नाही. त्या दिवशी मी त्यांना पास केलं.

पण काकांची खरी जागा तंबोल्याच्या टेबलामागे होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये तंबोला असायचा. पिशवीतून एक ते नव्वदमधली एकेक लाकडी सोंगटी काढायची, नंबर पुकारायचा, आणि लोकांनी आपापल्या तिकिटावरचा नंबर खोडायचा. ज्याचं तिकीट आधी पुरं होईल त्याने "हाऊस" म्हणून ओरडायचं. इतर ठिकाणी खेळ तिथे संपतो. आमच्याकडे संपत नसे. काकांनी "शेवटची गाडी" नावाचा नियम काढला होता. पिशवी पार रिकामी होईपर्यंत नंबर पुकारायचे आणि ज्यांचं तिकीट अगदी शेवटच्या सोंगटीवर पुरं होईल त्यांना बक्षीस द्यायचं. "पहिल्या गाडीत बसणाऱ्यांचं कौतुक सगळे करतात," असं ते म्हणत. त्यामुळे कुणी आधी उठून जात नसे.

शेजारी फळी घेऊन वहीदसाहेब बसत. ते रेल्वेत गार्ड होते, काकांच्याच वेळी निवृत्त झाले, आणि अंगणापलीकडे काकांच्या समोरच्या घरात राहत. काका सोंगटी काढून पुकारत, वहीदसाहेब तोच नंबर उर्दूत म्हणून ती फळीवरच्या खाचेत बसवत. "हौ, बराबर," असं म्हटल्याशिवाय त्यांची सोंगटी बसत नसे.

आणि काका नुसता नंबर पुकारत नसत. कॉलनीतल्या माणसांवरून त्यांनी प्रत्येक नंबराला नाव ठेवलं होतं. छत्तीस म्हणजे कुलकर्णी नवरा-बायको, कारण त्या दोघांचा छत्तीसचा आकडा अख्ख्या कॉलनीला पाठ होता. अठ्ठावन्न, म्हणजे निवृत्तीचं वय, त्याला "हार, नारळ आन् घरी". नव्वद म्हणजे, आमच्या तेलुगू शेजाऱ्यांवरून, "पंतुलुगारूंची स्कूटर, उतारावर". मी पहिली दोन वर्षं भांडण झालं की पुण्याला निघून जाण्याच्या धमक्या देत असे, म्हणून "चौदा, सूनबाईंचा वनवास". मी एक-दोनदा फणकारले. मग मात्र चौदा निघेपर्यंत मला चैन पडेना.

त्रेसष्ट निघाला की काका पिशवी बाजूला ठेवत आणि वळून बसत. देवनागरीतले सहा आणि तीन एकमेकांकडे बघत बसलेले असतात ना, अगदी तसे. "त्रेसष्ट! अंबादास आन् वहीद, आमनेसामने." वहीदसाहेब टोपी सारखी करून म्हणत, "तिरसठ. हौ, बराबर." हॉल हसायचा. सगळ्यात मोठा हशा त्याच नंबराला असे.

मग एका हिवाळ्यात शहरात दंगे झाले आणि कर्फ्यू लागला. आमच्या कॉलनीत काहीही झालं नाही. उलट वहीदसाहेबांच्या सुनेने तिच्या घरचं पीठसुद्धा आम्हाला आणून दिलं, आम्ही त्यांना दूध दिलं. कर्फ्यू उठला, दुकानं उघडली, रस्त्यावर नव्या गाड्या, नवी थंड पेयं, घरोघरी रंगीत टीव्ही. सगळं पूर्वीपेक्षा जास्त झगझगीत झालं. आणि कधी ते सांगता येणार नाही, पण कट्ट्यावरची मुलं वहीदसाहेबांचा मुलगा सलीम जवळून गेला की हळूच म्हणायला लागली, "तिरसठ."

एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. एक म्हणायचा, बाकीचे आपापल्या चपलांकडे बघून हसायचे. पुढे फक्त सलीम राहिला नाही. दाढीवाला भाजीवाला आला, तिरसठ. बुरख्यातल्या दोन बायका पत्ता विचारत आल्या, तिरसठ. कुलकर्ण्यांचा प्रशांत त्यातला पुढारी होता. हा मुलगा चांगला, बरं का. कॉम्प्युटरचा कोर्स करत होता, माझं सिलिंडर वर चढवून द्यायचा. मी त्याला हटकलं, तर तो अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, नंबर तर आहे नुसता. कुणाला वाईट शब्द बोललो का आम्ही? आणि नाव अंबादासकाकांनीच तर ठेवलंय."

नंबरच तर होता.

एका संध्याकाळी मी भाजी घेऊन जिना चढत होते. खाली मुलं लपाछपी खेळत होती. राज्य असलेली मुलगी भिंतीला डोळे लावून मोजत होती. साठ, एकसष्ट, बासष्ट. मग ती म्हणाली, त्रेसष्ट, आणि खांबामागून, टाकीमागून, जिन्याखालून, जिथे जिथे मूल लपलं होतं तिथून खुदखुदण्याचा आवाज आला. सगळ्यात धाकटा माझ्या पायापाशी लपला होता. त्याला दहाच्या पुढे मोजताही येत नव्हतं. तोही हसत होता. मी विचारलं, "का रे हसलास?" तो म्हणाला, "हसायचं असतं."

तरी मला वाटत होतं की हे आमच्या अंगणापुरतं आहे. मी तेव्हा एका बँकेत काउंटरवर होते. पैसे काढायला आलेल्या माणसाला पितळी टोकन द्यायचं, आणि नंबर पुकारला की त्याने कॅशियरकडे जायचं, अशी पद्धत होती. माझ्या शेजारच्या काउंटरवर सिकंदराबादहून येणारा एक नवा सहकारी होता. आमच्या गल्लीचं त्याने नावसुद्धा ऐकलं नव्हतं. एके दिवशी मी पाहिलं, तर तो ड्रॉवरमधली टोकनं उलटीपालटी करून एक विशिष्ट टोकन शोधत होता. समोर पांढरी टोपी घातलेले म्हातारे गृहस्थ होते. त्याने टोकन दिलं, त्यांनी "शुक्रिया बेटा" म्हटलं आणि ते बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने कॅशियरने पुकारलं, "तिरसठ." सगळ्या टेबलांवरची पेनं थांबली. म्हातारे उठले, काठी टेकत टेकत पैसे घेऊन गेले, आणि पेनं पुन्हा चालू झाली.

मी त्याला विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" तो आश्चर्याने म्हणाला, "सब को मालूम है, मॅडम."

जेवणाच्या सुट्टीत मी ते टोकन काढून माझ्या ड्रॉवरच्या तळाशी, जुन्या शिक्क्यांच्या खाली दडपलं. त्यानंतर तो आकडा मला सगळीकडे दिसायला लागला. बसच्या तिकिटावर, गॅसच्या पावतीवर, समोरच्या स्कूटरच्या पाटीवर. पूर्वीही तो तिथे असणारच. पण आता तो आपल्याकडे बघतो आहे असं वाटे आणि मी नजर वळवी.

त्याच आठवड्यात एका सकाळी काका पाण्याच्या टाकीची भिंत नारळाच्या शेंडीने घासताना दिसले. कोळशाने काय लिहिलं होतं ते विचारायची गरज नव्हती. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"वहीदसाहेबांना माहीत आहे का हो?" मी विचारलं.

"नक्को, नक्को," काका दबक्या आवाजात म्हणाले. त्यांना दबका आवाज आहे हे मला तेव्हा कळलं. "सलीम त्याला टोलीचौकीला, त्यांच्या वस्तीत, घेऊन जायचं म्हणायलाय. घर बी बघून ठिवलंय. वहीद म्हणायला, जवर माझ्या तोंडावर कुणी काही बोललं नाही, तवर मी इथून हलत नाही. म्हणल्यावर त्याच्या कानावर पडता कामा नये. बस, एवढंच."

मग काकांचा खोकला, बासष्टनंतरची उडी, रद्द झालेलं वर्ष, सगळं माझ्या लक्षात आलं. आणि कॉलनीला ते खुळे का वाटू लागले होते तेही. कारण वहीदसाहेब नमाजाला निघाले की काका दोन पावलं पुढे चालत आणि कट्ट्याजवळ पोचले की पूर्ण आवाजात सुरू करत, "कृपया ध्यान द्या! परभणीकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आलेली आहे! पूर्णेकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आलेली आहे!" कट्ट्यावरचं कुजबुजणं त्यात बुडून जाई. दिवसातून कितीतरी वेळा आमच्या अंगणात मराठवाड्याकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या रद्द होत. बायका म्हणत, बायको गेल्यापासून जरा हललेच आहेत. मीही मान डोलवी. काय सांगणार?

तंबोल्यातही त्यांनी त्या नंबराचं नाव टाकून दिलं होतं. तो निघाला की "साठ आणि तीन" असं पुटपुटून ते लगेच पुढची सोंगटी काढत. पण तेवढ्यानेही मागच्या रांगेत खसखस पिकायचीच. म्हणून दसऱ्याच्या तंबोल्याला त्यांनी पिशवीतून ती सोंगटीच काढून ठेवली.

माणूस हुशार, पण घाबरला की साध्या गोष्टी विसरतो. पहिलं हाऊस झालं की घसा बसल्याचं सांगून खेळ थांबवायचा, असा त्यांचा बेत होता. तो बेत कॉलनीनेच हाणून पाडला. कारण टीव्हीच्या एका नव्या दुकानदाराने त्या वर्षीचं बक्षीस दिलं होतं, आणि त्याला "शेवटची गाडी" ही कल्पना इतकी आवडली की त्याने बक्षिसाचा मिक्सर नेमका तिलाच लावला. काका घशाला हात लावून उभे राहिले, तर हॉल ओरडला, "शेवटची गाडी! शेवटची गाडी!" त्यांनीच लावलेली सवय.

मग ते पुकारत राहिले. एकेक नंबर, एकेक सोंगटी, वहीदसाहेबांचं "हौ, बराबर." शेवटी काकांचा हात पिशवीत गेला आणि रिकामा बाहेर आला.

"खेळ संपला," काका म्हणाले.

कुणी "हाऊस" म्हटलं नाही. दहा-बारा जणांच्या तिकिटावर एकेक घर उरलं होतं. ती माणसं तिकिटाकडे बघत होती आणि मग एकमेकांकडे.

"अंबादास," वहीदसाहेब फळीवर बोट ठेवून म्हणाले, "एक खाना खाली है."

"पिशवी रिकामी आहे, वहीद."

"कौनसा नंबर बाकी है जी? कोई बोलो," त्यांनी हसत हॉलला विचारलं.

कुलकर्णीवहिनींनी तिकिटावर पदर ओढला. पंतुलुगारू चपला शोधायला लागले. प्रशांतच्या हातात तिकीट होतं आणि तो छताकडे बघत होता. एवढी माणसं, ज्यांच्या तोंडात दोन वर्षं तो एक शब्द होता, आणि आता बक्षीस मिळत असूनही कुणाला तो उच्चारता येत नव्हता. आयुष्यात मला माणसांची एवढी भीती कधी वाटली नाही, आणि ती सगळी माझ्या ओळखीची माणसं होती.

"मैं बोलतौं," वहीदसाहेब म्हणाले. ते काकांकडे तोंड करून बसले, टोपी सारखी केली. "तिरसठ. अंबादास और वहीद, आमनेसामने."

दहा-बारा तिकिटं पुरी झाली. एकही माणूस उठला नाही. दुकानदार मिक्सरचं खोकं घेऊन उभा होता. "कौन जीता जी?" तो दोनदा म्हणाला, आणि मग खोकं परत टेबलावर ठेवून बसला.

वहीदसाहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू बोलले, पण मी पहिल्या रांगेत होते. "मेरे कू पहले महीने से मालूम है. तू रोज गाड्यां रद्द करते फिरा, मैं समझा नहीं क्या? तेरा दिया हुआ नाम है ना, मैं सुन लिया करके तेरे कू मालूम हुआ तो तू मर जाता. इस वास्ते मैं चुप था."

म्हणजे काका वहीदसाहेबांपासून जे लपवत होते, तेच वहीदसाहेब काकांपासून लपवत होते. कट्ट्यासमोरून ते दोघं रोज एकमेकांना सांभाळत चालले होते, आणि आम्ही काकांना खुळे म्हणत होतो.

मुलांनी पुढे माफी मागितली. प्रशांत तर रडलाही. पण शब्द आता उघड्यावर, हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत पडला होता, आणि वहीदसाहेब सलीमला दिलेल्या शब्दाचे पक्के. दिवाळीच्या आधी टेम्पो आला. कॉलनीतल्या सगळ्यांनी सामान चढवायला हात लावला, अगदी मनापासून. काका वहीदसाहेबांची पाण्याची सुरई मांडीवर घेऊन टेम्पोत बसले, फुटेल म्हणून. "सामान लावून देऊन येतो," म्हणाले.

ते महिनाभर आले नाहीत. मग एका दुपारी त्यांच्या खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून मी डोकावले. काका ट्रंक भरत होते. वहीदसाहेबांच्या गल्लीतच त्यांनी एक खोली घेतली होती.

मी चिडलेच. "काका, या वयात? तिथे आपलं एक माणूस नाही. तुम्हालाच कुणी काही बोललं म्हणजे?"

"बोललं तर बोललं."

"वहीदसाहेबांसाठी तुम्ही एवढं केलंत, पुरे नाही का? नांदेडला मुलगी आहे तुमची. इथे आम्ही आहोत."

ते ट्रंकेच्या काठावर बसले. त्यांचा तो भोंग्यातला आवाज कुठेच नव्हता.

"सगळे म्हणायलेत, अंबादासनं वहीदला लई जपलं," ते म्हणाले. "खोटं आहे, सूनबाई. मी त्याच्यासाठी काहीच केलं नाही. मी माझ्यासाठी केलं. जन्मभर बोललो मी स्टेशनवर. लाखो लोकांनी ऐकलं असंल. एकानं उलटून उत्तर दिलं नाही. घरी आलो तर ही बोलायची, तीबी गेली. नंतर मी बोलल्यावर उत्तर देणारा तो एकच. तो गेला असता तर मी कुणासंगं बोललो असतो? मला रात्रंदिस तेवढंच भ्या होतं."

मी वाद न घालता त्यांचा पंचा घडी करून ट्रंकेत ठेवला. मी पुण्याची असून.

काकांनी ट्रंकेचं झाकण दाबून कडी लावली आणि एका बाजूची मूठ धरली.

"जरा तिकडून धरता का?" ते म्हणाले. "रिक्षावाला थांबलाय."

मी धरली.